खाडा

माझे बाबा चौतीस वर्षं एका कारखान्यात टाइमकीपर होते. गेटाजवळच्या काचेच्या खोलीत बसून मस्टर लिहायचे. कोण वेळेवर आलं, कोण उशिरा, कोणाचा खाडा. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी मस्टर काही सुटलं नाही. ते फक्त खिशातल्या छोट्या डायरीत आलं. आम्ही कुठेही फिरायला गेलो की त्या डायरीची पानं भरत जातात. सकाळी ६.१० निघालो. ७.५५ चहा. ९.२० देऊळ, रांग पाऊण तास. ११.०५ पुढे. आमच्या आजवरच्या साऱ्या सहली अशाच झाल्या. पाहायच्या ठिकाणांची यादी, तिच्यामागे धावणारे आम्ही सहा जण आणि घरी परतल्यावर दोन दिवस नुसती झोप.

आई या डायरीत कधीच नसायची. म्हणजे ती बरोबर असायची, पण तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही घडायचं नाही. डबे भरणं, पाण्याच्या बाटल्या, नातवंडांच्या औषधांची पिशवी, ओल्या कपड्यांची वेगळी पिशवी, या गोष्टींची वेळ कोण लिहिणार? आईने उभ्या आयुष्यात एक खाडा केलेला मला आठवत नाही. ताप असला तरी नाही, माझ्या आजीच्या मृत्यूनंतरच्या तेरा दिवसांतही नाही.

या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते चालू लागले तेव्हा मी ठरवलं की आता एक सहल अशी करायची, जिच्यात काहीच करायचं नाही. एकच जागा, नऊ दिवस, समोर समुद्र. मॉरिशस मी निवडलं ते नकाशा बघून. बेटाच्या बहुतेक सगळ्या बाजूंनी प्रवाळाचं कडं आहे, त्यामुळे किनाऱ्याला मोठ्या लाटा येत नाहीत. गुडघा शिवलेल्या माणसालाही त्या पाण्यात उभं राहता येईल, एवढाच माझा विचार होता.

“नऊ दिवस एकाच ठिकाणी?” आई म्हणाली. “करायचं काय तिथे?”

“काही नाही, आई. तेच तर करायचंय.”

तिचा चेहरा बघून मला वाटलं होतं, ती खूश झाली. आता कळतं, ती घाबरली होती.

*

विमान खाली येऊ लागलं तेव्हा धाकट्याने सगळ्यांना खिडकीशी ओढलं. गडद निळ्या समुद्रात पांढऱ्या फेसाची एक बारीक रेघ होती आणि रेघेच्या आतलं पाणी एकदम वेगळ्या रंगाचं, काचेच्या बांगडीसारखं हिरवट निळं. ती रेघ म्हणजे प्रवाळखडक. तिथले लोक तिला क्रेओल भाषेत ब्रिझां म्हणतात, म्हणजे लाटा फुटतात ती जागा. पुढचे नऊ दिवस ती रेघ आमच्या डोळ्यांसमोर होती.

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आणि आमचं घर पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आँ-फ्लाकला. बेट जेमतेम पासष्ट किलोमीटर लांब आणि पंचेचाळीस किलोमीटर रुंद, त्यामुळे तासाभरात आपण या बाजूचे त्या बाजूला. घड्याळं दीड तास मागे केली. ऑक्टोबरचा शेवट होता, ऊसतोडणी चालू होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग. काही ढीग नुसते ढीग नव्हते, पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले, दोन-तीन पुरुष उंच. बाबा मान वळवून वळवून बघत होते.

“हे काय असावं?” त्यांनी विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. डायरीत त्यांनी लिहिलं: दगडांचे ढीग, शेतात. का?

आमचं भाड्याचं घर किनाऱ्याच्या रस्त्याच्या अलीकडे होतं. रस्ता ओलांडला की सुरूची झाडं, झाडांखाली सुयांसारख्या पानांचा तपकिरी गालिचा, आणि त्यापलीकडे वाळू. सुरूला तिथे फिलाओ म्हणतात. वारा आला की त्यांतून दूरच्या पावसासारखा आवाज येतो. आई पहिल्या रात्री दोनदा उठून गॅलरीत गेली, कपडे भिजतायत का बघायला.

या किनाऱ्याबद्दल एक गोष्ट मला फार आवडली. मॉरिशसमध्ये किनाऱ्यालगतची पट्टी पूर्वापार सरकारी जमीन मानली जाते. फ्रेंच काळापासूनचा नियम आहे, पट्टीची रुंदी ८१.२१ मीटर. असा विचित्र आकडा का, तर ती पन्नास ‘पावलं’ आहेत, जुन्या फ्रेंच मापातली. पुढे त्यातली बरीच जमीन हॉटेलांना आणि बंगल्यांना भाडेपट्ट्याने गेली, त्यावरून तिथे आजही वाद होतात. पण जिथे ‘पब्लिक बीच’ अशी पाटी आहे, तिथे कोणीही यावं, चटई टाकावी, दिवसभर पडावं. फ्लिक-आँ-फ्लाकचा किनारा असा आहे. सुरूच्या सावलीत खुर्चीचं भाडं मागायला कोणी येत नाही.

*

पहिल्या सकाळी साडेपाचला मला फोडणीचा वास आला. उठून बघते तर आई ओट्याशी. सामानातून तिने पोहे, मोहरी, हळद, सगळं आणलं होतं.

“आई, इथे तरी नको ना. आपण बाहेर खाऊ.”

“एवढं काय त्यात? उठल्यावर मुलं खायला मागतील.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने सगळ्यांचे टॉवेल धुऊन वाळत घातले, घर झाडलं, मग किनाऱ्यावर आली तीही पिशवी घेऊन. पिशवीत फळं, सुरी, कागदी रुमाल, मलम. वाळूत बसली ती पाय पोटाशी घेऊन, पुढच्या मिनिटाला उठावं लागेल अशी. दर पाच मिनिटांनी कोणाला तरी हाक. पाणी पी. डोकं पूस. ऊन लागेल, सावलीत ये.

मी चिडले. आवाज चढवून म्हटलं, “आई, बस गं जरा शांत! तुझ्यासाठी एवढ्या लांब आलोय आपण.”

ती गप्प झाली. बसली. हात मांडीवर ठेवून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. तिचे ते रिकामे हात बघून मला पोटात कसंतरी झालं. आराम कर, असं मी तिला सांगत होते तेही हुकूम सोडल्यासारखं. तिच्या यादीत आणखी एक काम मी घातलं होतं.

त्या दिवशी मी पुढे काही बोलले नाही. दुसऱ्या सकाळी तिच्याबरोबर ओट्याशी उभी राहिले आणि कांदा चिरला.

*

मुलांना मात्र पहिल्या तासातच सगळं जमलं. धाकट्याने पाण्याखालचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तो नऊ दिवस फक्त जेवायला आणि झोपायला उतरवला. लगूनचं, म्हणजे किनारा आणि प्रवाळाचं कडं यांच्यामधलं, पाणी बऱ्याच अंतरापर्यंत कमरेएवढं, तळ स्वच्छ दिसणारा. फक्त पायांत रबरी बूट हवेत. खडकांच्या सांदीत काळे, लांब काट्यांचे सी अर्चिन बसलेले असतात आणि दगडासारखा दिसणारा एक विषारी मासाही असतो, त्याला तिथे लाफ म्हणतात. शेजारच्या कोळ्याने धाकट्याच्या अनवाणी पायांकडे बोट दाखवून ‘लाफ, लाफ’ म्हटलं, तेव्हा त्याला वाटलं आपल्याला इंग्रजीत हसायला सांगतायत. तो मनापासून हसला. कोळीही हसला आणि मग स्वतःचा बूट दाखवून त्याने नीट समजावलं.

एका दुपारी लेक पाण्यातून धावत आली. “आई, खाली चल. ऐकू येतं!” मी चष्मा लावून डोकं बुडवलं. खरंच आवाज होता, कोणी खडीसाखर फोडावी तसा. पोपटासारखी चोच असलेले निळे-हिरवे मासे प्रवाळावरचं शेवाळ खरवडत होते. खरवडताना चुनखडीचा भुगा त्यांच्या पोटात जातो आणि मागून पांढऱ्या वाळूचा झोत होऊन बाहेर पडतो. आपण ज्या वाळूत पाय खुपसून बसतो, त्यातला काही भाग असा झालेला असतो. बाकीचा शिंपल्यांचा आणि तुटक्या प्रवाळांचा. ही वाळू दगडाची नाही, एके काळी जिवंत असलेल्यांची आहे. लेकीने हे सांगितल्यावर आईने मूठभर वाळू उचलून बघितली आणि परत ठेवली. टाकली नाही, ठेवली.

प्रवाळ सगळीकडे रंगीत नव्हता. कितीतरी ठिकाणी तो फिकट, हाडासारखा पांढरा किंवा शेवाळाने करडा झालेला. समुद्र जास्त तापला की प्रवाळातले सूक्ष्म शेवाळजीव त्याला सोडून जातात, तो पांढरा पडतो आणि उपासमार लांबली तर मरतो. १९९८ आणि २०१६ या वर्षी जगभरच्या प्रवाळांना असे मोठे तडाखे बसले, त्यात हिंदी महासागरही होता. पंधरा वर्षांच्या मुलीने पाण्यातून डोकं वर काढून “हे परत येईल का?” असं विचारलं, तेव्हा मला तिला धीर देणारं काही सांगता आलं नाही. मी तिचा हात धरून ठेवला.

बाबा चौथ्या दिवशी पाण्यात उतरले. एक हात जावयाच्या खांद्यावर, दुसरा नातवाच्या डोक्यावर. छातीएवढ्या पाण्यात गेल्यावर त्यांनी दोन्ही हात सोडले. गुडघ्यावरचा भार गेला होता. ते तसेच उभे राहिले, मग हळूहळू चालू लागले. पुढे, मागे, पुन्हा पुढे. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांच्या चालण्यात मोजणी नव्हती. मी किनाऱ्यावरून बघत होते आणि माझ्या शेजारी आई उभी राहिली होती, तोंडावर पदर धरून.

संध्याकाळी सूर्य ब्रिझांच्या मागे बुडायचा. ओहोटीला त्या रेघेचा आवाज रात्रभर यायचा, खोल, न थांबणारा, दूरवरून मालगाडी जावी तसा. इथे पाणी गुडघ्याशी येऊन निजलेलं आणि तिथे अख्खा महासागर येऊन आदळतोय. बाबा म्हणाले, “म्हणजे तिथे कोणीतरी ड्यूटीवर आहे.”

*

पाचव्या दिवशी आम्ही एकदाच बाहेर पडलो, पोर्ट लुईला. बाबांच्या हट्टामुळे. त्यांना आप्रवासी घाट बघायचा होता, करारावर आणलेले मजूर जिथे उतरायचे तो. बंदराच्या कडेला काळ्या दगडातल्या जुन्या इमारतीचे उरलेले भाग, आणि समुद्रातून वर येणाऱ्या पायऱ्या. १८३५च्या १ फेब्रुवारीला मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. ती संपणार हे दिसू लागलं, तेव्हाच मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली होती. २ नोव्हेंबर १८३४ला ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजातून छत्तीस जण आले. १९२०पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं अशी आली. कलकत्त्याहून, मद्रासहून आणि मुंबई बंदरातूनही. मुंबईहून आलेल्यांत मराठी बोलणारे होते.

मी तिथल्या पायऱ्यांवर हात ठेवून बसले होते. बाबा माहितीचे फलक वाचत, चष्मा वरखाली करत सावकाश फिरत होते. मग ते आले आणि माझ्या शेजारी बसले. बराच वेळ बोलले नाहीत.

“पाच रुपये महिना,” शेवटी म्हणाले. “पाच वर्षांचा करार. आणि खाडा झाला, तर दोन दिवसांची मजुरी कापायची. एका खाड्याला दोन दिवस.”

त्याला नावही होतं, डबल कट. मळ्यावर एक दिवस आला नाहीस, तर तो दिवस गेलाच, वर आणखी एक गेला. पुष्कळदा आजारी पडलास तरी. महिन्यातले दहा दिवस हुकले की वीस दिवसांचे पैसे गेले. पुढे १८६७च्या कायद्याने करार संपलेल्यांनाही फोटो लावलेला पास जवळ बाळगायची सक्ती झाली. पास नसलेला माणूस रस्त्यावर दिसला की तो ‘भटक्या’ ठरायचा आणि त्याला धरून न्यायचे. झाडाखाली निवांत बसलेला माणूस हाच गुन्हेगार.

“मी एका खाड्याला कोणाचे दोन दिवस कापले नाहीत कधी,” बाबा म्हणाले. मग थांबून म्हणाले, “पण खाडे लिहिले. आजारपणाचे लिहिले, मयताचे लिहिले. कोणाची बायको बाळंत होती, त्याचाही लिहिला. नियमच होता. लाल शाईने लिहायचो.”

मी काय बोलणार? चौतीस वर्षांत बाबा त्या लाल शाईबद्दल घरात एक शब्द बोलले नव्हते.

परतताना रस्त्यात पुन्हा ऊस लागला आणि उसातले ते काळे ढीग. टॅक्सीवाल्याला विचारलं, तर त्याने सहज सांगितलं. बेट ज्वालामुखीचं, जमीन दगडांनी भरलेली. ऊस लावायचा तर दगड वेचून बाजूला करायला हवेत. ते मजुरांनी हातांनी वेचले आणि रचले. बाबांनी डायरी काढली, पहिल्या दिवसाच्या पानावर ‘का?’ लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं, आणि काहीच न लिहिता मिटली.

*

आमच्या मुक्कामातच २ नोव्हेंबर आला. तो दिवस तिथे सार्वजनिक सुट्टीचा असतो, मजुरांच्या आगमनाची आठवण म्हणून. घाटावर फुलं वाहतात, भाषणं होतात. आणि बाकीचा देश, आम्ही जे बघितलं त्यावरून सांगते, समुद्रावर येतो.

सकाळी आठपासून बस भरभरून यायला लागल्या. आज्या, आजोबा, तान्ही मुलं, मोठमोठी पातेली, तीन दगड मांडून चूल, दोन सुरूंमध्ये बांधलेली चादर. दहा वाजेपर्यंत झाडांखाली गावच वसलं. कोणी फुटबॉल खेळत होतं, कोणी उताणं झोपलं होतं. एका घोळक्याने शेकोटीवर रावान धरून तापवायला घेतलं. हे बकऱ्याच्या कातड्याचं पसरट वाद्य. कातडं तापून ताणलं गेलं की त्याला आवाज चढतो, मग त्यावर सेगा. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी या बेटावर घडवलेलं गाणं आणि नाच. पाय वाळूतून उचलत नाहीत, घासत नाचतात. आमचा धाकटा पाचव्या मिनिटाला त्यांच्यात.

आमच्या शेजारच्या झाडाखाली एक मोठं कुटुंब होतं. त्यातली सोळा-सतरा वर्षांची मुलगी आमचं बोलणं बराच वेळ ऐकत होती. शेवटी उठून आली आणि एकेक शब्द नीट ठेवत म्हणाली, “नमस्कार. तुम्ही मराठी आहात काय? आम्हीदेखील मराठी आहोत.”

ती शाळेत मराठी शिकत होती. तिचं मराठी पाठ्यपुस्तकातलं होतं, त्यात ‘देखील’ होतं, ‘परंतु’ होतं, आणि ते इतकं सुंदर वाटत होतं की आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. घरात ते क्रेओल बोलतात. गणेश चतुर्थीला, तीही तिथे सार्वजनिक सुट्टी असते, त्यांच्याकडे झाकरी नाचतात. आडनाव म्हणून जे लावतात ते पहिल्या आलेल्या पुरुषाचं नाव आहे. उतरला तेव्हा कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं, ते पुढे सगळ्यांचं झालं. तिच्या आजीला मराठी थोडं समजतं, बोलता येत नाही. आजी कुठे आहे, असं आईने विचारलं. मुलीने पाण्याकडे बोट केलं.

आजी पाण्यात बसली होती. पोहत नव्हती, उभीही नव्हती. फुलाफुलांचा लांब झगा घालून, गळ्याएवढ्या पाण्यात तळावर मस्त मांडी घालून बसली होती. आजूबाजूला तिच्या वयाच्या आणखी तिघी. चौघींच्या गप्पा चालल्या होत्या, जणू ओसरीवर बसल्यात.

इकडे झाडाखाली तिचा मुलगा आणि दोन जावई पातेल्याशी होते. आई त्यांच्याकडेच बघत होती. एकाने भात ढवळला, दुसऱ्याने झाकण ठेवलं, तिसरा पानं मांडू लागला.

“बायका कधी उठणार?” आईने मला हळूच विचारलं.

“उठणार नाहीत, आई. जेवायला हाक मारतील तेव्हा येतील.”

आई काही बोलली नाही. तिच्या हातात आमच्या डब्याचं झाकण होतं. ते तिने डब्यावर घट्ट बसवलं, डबा पिशवीत ठेवला, पिशवी माझ्या नवऱ्याच्या पायाशी. पंजाबी ड्रेसची ओढणी काढून घडी केली. आणि पाण्याकडे चालू लागली.

मी उठणार होते. बाबांनी माझा हात धरला. “राहू दे.”

घोट्यापर्यंत, पोटऱ्यांपर्यंत, कमरेपर्यंत. तिथे ती थांबली. कमरेच्या वर समुद्रात ती आयुष्यात गेली नव्हती. पाण्यातल्या आजीने तिला बघितलं. हात पाण्यातून वर काढून दोन बोटांनी बोलावलं. “विनी, विनी. आसिझ.” ये, ये. बस.

आणि आई बसली.

पाणी तिच्या खांद्यांशी आलं, तसे तिचे हात आपोआप वर तरंगले. ती त्यांच्याकडे बघत राहिली, कोणा दुसऱ्याचे असावेत तसे. मग तिने ते तसेच सोडून दिले.

त्या दोघी काय बोलल्या मला माहीत नाही. आईला क्रेओल येत नाही आणि त्या आजीला मराठी जेमतेम. पण दीड तास त्या तिथे होत्या. मध्येच हसण्याचा आवाज यायचा. एकदा आईने बोटांवर काहीतरी मोजून दाखवलं, बहुधा नातवंडं. एकदा त्या आजीने लांब दक्षिणेकडे हात केला. तिकडे क्षितिजावर ल मॉर्नचा डोंगर दिसत होता, समुद्रातून सरळ वर आलेला. पळून गेलेले गुलाम ज्याच्या कड्याकपारीत लपायचे, तो. आई बराच वेळ तिकडे बघत होती. नंतर मी विचारलं, तर म्हणाली, “ती काहीतरी दुःखाचं सांगत होती. मी ऐकलं.”

दुपारी हाक आली. आम्हालाही बोलावलं. केळीच्या पानांवर भात आणि मोठ्या पावट्याची रस्सेदार भाजी, टोमॅटोचं रुगाय, आणि कोणीतरी गाडीवरून जोडीजोडीने आणलेल्या डाल पुऱ्या. आई ओल्या कपड्यांत बसून जेवली. तिला वाढलं त्या घरच्या जावयाने. त्याने दुसऱ्यांदा भात आणला तेव्हा आईने सवयीने पातेल्यात डोकावून बघितलं, मागे कोणाला उरलंय का. तो म्हणाला, “पा ट्राका.” काळजी नको. मुलीने मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण आईला कळलं होतं. तिने पान पुढे केलं.

*

उरलेले दोन दिवस काय केलं, असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं फार नाही. सकाळी नवऱ्याने चहा केला, तो पांचट झाला, सगळ्यांनी प्यायला. आई सहाला उठायची, पण ओट्याशी न जाता सरळ रस्ता ओलांडायची. त्या वेळी लगून अगदी सपाट असतं आणि कोळ्यांच्या होड्या ब्रिझांकडे निघालेल्या असतात. ती एकटीच पाण्यात बसायची. आम्ही कोणी तिच्यामागे गेलो नाही. एकदा बाबा गेले, तेही तिने गॅलरीकडे बघून हात केला म्हणून.

परतीच्या विमानात बाबांना झोप लागली आणि डायरी त्यांच्या मांडीवरून घसरून खाली पडली. उचलताना पान उघडलं. पहिली चार पानं नेहमीसारखी, वेळा आणि खर्च. पाचव्या पानावर फक्त ‘पोर्ट लुई’, पुढे कोरं. सातव्या पानावर, २ नोव्हेंबरच्या तारखेखाली, त्यांनी पट्टीने रेघा मारून मस्टरचे रकाने आखले होते. सहा जणांची सहा नावं, त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. पाच नावांपुढे काही नव्हतं. आईच्या नावापुढे निळ्या शाईने लिहिलं होतं: खाडा. भरपगारी.

मी डायरी मिटून त्यांच्या खिशात ठेवली. पलीकडच्या सीटवर आई जागी होती, हात मांडीवर सैल सोडून, खिडकीबाहेर बघत.